पाहुणे म्हणून बोलावलेले घरचेच लोक: जिमी स्टरच्या पोल्का अल्बमचं प्रकरण

1997 साली राउंडर रेकॉर्ड्सने जिमी स्टर आणि त्याच्या ऑर्केस्ट्राचा 'लिव्हिंग ऑन पोल्का टाइम' हा अल्बम काढला. पोल्का म्हणजे युरोपातून आलेलं नाचाचं संगीत, आणि इथे तो अगदी पारंपरिक, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, अकॉर्डियन सगळं जागच्या जागी, आणि त्यात पाहुणे कोण तर नॅशव्हिलचा कंट्री गायक-गीतकार बिल अँडरसन आणि सॅन अँटोनियोचा टेक्स-मेक्स (म्हणजे टेक्ससमधल्या मेक्सिकन लोकांच्या संगीतातला) अकॉर्डियनवाला फ्लाको हिमेनेझ. 1998 च्या ग्रॅमीत बेस्ट पोल्का अल्बमचं बक्षीस याच अल्बमला गेलं. झालं, सुखान्त. पण त्यानंतर अकराच वर्षांनी ग्रॅमीवाल्यांनी पोल्काची कॅटेगरीच गुंडाळून टाकली, आणि माझं म्हणणं असं की हे बक्षीस आणि ते गुंडाळणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघायचं.

आधी माणूस. जिमी स्टर 1941 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या फ्लोरिडा नावाच्या गावचा (हो, फ्लोरिडा राज्याशी काही संबंध नाही, ऑरेंज काउंटीतलं छोटंसं गाव आहे). या भागाला ब्लॅक डर्ट म्हणतात. जुनी दलदल चर खणून कोरडी केली, खाली काळीभोर कुजट माती निघाली आणि तीत कांदा असा पिकायला लागला की पोलंडहून आणि जर्मनीहून आलेली कुटुंबं तिथेच रुजली. आता जिथे पोलिश शेतकरी तिथे लग्नात, चर्चच्या कार्यक्रमात, रेडिओवर पोल्का आलाच. गंमत म्हणजे स्टर स्वतः पोलिश नाहीच, आयरिश वंशाचा आहे. पण लहानपणी कानावर जे पडलं ते त्याने उचललं, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन हातात घेतला, शाळेत असतानाच बँड काढला आणि आयुष्यभर तेच केलं. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण पोल्का रक्तातून येतो की शेजारातून येतो हा प्रश्न या प्रकरणात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो, आणि दर वेळी उत्तर शेजाराच्या बाजूने जातं.

अमेरिकेत पोल्का एकच नाही हेही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मूळ बोहेमियाचं (आजच्या चेक देशातलं), 1830 च्या दशकातलं दोन मात्रांचं नाचाचं संगीत, 1844 च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याचं वेड लागलं आणि तिथून ते जगभर गेलं. अमेरिकेत आल्यावर ज्याच्या त्याच्या गल्लीत त्याचं वेगळं रूप झालं. क्लीव्हलंडला स्लोव्हेनियन लोकांचा पोल्का, अकॉर्डियन आणि बँजो पुढे, त्याचा राजा फ्रँकी यांकोविक. शिकागोचा पोलिश पोल्का जरा संथ, मोकळा, गावरान. मिनेसोटाकडे जर्मन वळणाचा, ट्यूबा घुमवणारा. आणि न्यूयॉर्क-न्यू इंग्लंडचा ईस्टर्न स्टाइल, जो स्टरचा आहे: वेगवान, चकचकीत, जुन्या बिग बँडसारखा लिहून काढलेल्या अरेंजमेंटचा. यात प्रत्येक वादकापुढे कागद असतो. दोन ट्रम्पेट एकत्र उडी मारतात, रीडवाले क्लॅरिनेटवरून सॅक्सवर आणि परत जातात, आणि कोणी उशिरा आला तर लगेच कळतं. थोडक्यात, आयत्या वेळी येऊन 'चला मीपण वाजवतो' म्हणणाऱ्या पाहुण्याला इथे जागा सहज मिळत नाही. हे लक्षात ठेवा.

आता ग्रॅमीची भानगड. पोल्कासाठी पहिलं बक्षीस 1986 च्या सोहळ्यात दिलं गेलं आणि ते यांकोविकला मिळालं, जे सगळ्यांना बरोबरच वाटलं असणार, कारण 1940 च्या दशकाच्या शेवटी पोल्काच्या रेकॉर्ड दहा लाखांच्या घरात खपवून दाखवणारा माणूस तोच. पुढच्या वर्षी बक्षीस विभागून गेलं, शिकागोचा एडी ब्लाझोन्चिक आणि आपला जिमी स्टर. आणि मग स्टर थांबलाच नाही. 1987 ते 1992 सलग सहा. मधली तीन वर्षं कॅनडाच्या वॉल्टर ओस्टानेकने नेली. 1996 पासून परत स्टर. 2009 ला शेवटचं बक्षीस दिलं गेलं तेव्हा हिशोब असा झाला: 24 सोहळे, एकदा बरोबरी म्हणून 25 बक्षिसं, त्यातली 18 एकट्या स्टरची, ओस्टानेकची तीन, टेक्ससच्या ब्रेव्ह काँबोची दोन, यांकोविक आणि ब्लाझोन्चिकचं एकेक. म्हणजे जवळपास पाव शतकात जिंकणारी नावं फक्त पाच. एखाद्या कॅटेगरीत असं होतं तेव्हा ती कॅटेगरी तब्येतीने बरी आहे असं कोणी म्हणणार नाही, जिंकणारा कितीही चांगला असला तरी.

1990 च्या दशकाच्या मधोमध स्टर राउंडरकडे आला. राउंडर म्हणजे 1970 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये तीन दोस्तांनी, केन अर्विन, बिल नाउलिन आणि मॅरियन लेटन लेव्ही यांनी सुरू केलेली कंपनी, ब्लूग्रास, ब्लूज, केजन (लुईझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचं संगीत), जुनं लोकसंगीत असलं सगळं प्रेमाने काढणारी. अॅलिसन क्राउस त्यांचीच. अशा लेबलकडे आल्याचा फायदा दुहेरी होता. एक, वितरण: तोपर्यंत पोल्काच्या रेकॉर्ड नाचाच्या हॉलबाहेरच्या टेबलावर आणि पोल्काच्या रेडिओवाल्यांमार्फत खपायच्या, आता त्या गावोगावच्या म्युझिक स्टोअरमध्ये जाऊ लागल्या. आणि दुसरा, ओळखीपाळखी. ब्लूग्रास आणि कंट्रीच्या लोकांशी राउंडरचं रोजचं उठणं-बसणं. 1996 ला 'पोल्का! ऑल नाइट लाँग' आला आणि त्यात पाहुणा थेट विली नेल्सन. त्या अल्बमलाही ग्रॅमी. लगेच पुढच्या वर्षी 'लिव्हिंग ऑन पोल्का टाइम', अँडरसन आणि हिमेनेझला घेऊन. मग तर रांगच लागली, ब्रेंडा ली, चार्ली डॅनियल्स, बँजोवाला बेला फ्लेक, नावं वाढतच गेली.

बाहेरून बघणाऱ्याला ही सरळ मार्केटिंगची चाल वाटते. म्हातारं होत चाललेलं संगीत, त्याला दोन प्रसिद्ध नावं चिकटवा, कव्हरवर छापा, दुकानात कंट्रीच्या रॅकमधल्या गिऱ्हाइकाने उचलून बघावं. आणि ती चाल होतीच, त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण 'क्रॉसओव्हर' म्हणून जे विकलं गेलं ते खरंच क्रॉसओव्हर होतं का, इथे माझी गाडी अडते. कारण हे पाहुणे कोण आहेत ते जरा उकरून बघितलं की चित्र पालटतं.

विली नेल्सनपासूनच घ्या. तो टेक्ससमधल्या अॅबट गावचा. जवळच वेस्ट नावाचं गाव आहे, चेक लोकांनी वसवलेलं. तिथे जॉन रेचेक नावाच्या एका चेक माणसाचा घरचाच पोल्का बँड होता, आणि छोट्या विलीने दहाएक वर्षांचा असताना पैसे घेऊन वाजवायला सुरुवात केली ती त्या बँडमध्ये गिटार धरून. हे तो स्वतः कायम सांगत आलाय. म्हणजे कंट्रीचा एवढा मोठा माणूस पोल्काच्या अल्बमवर 'पाहुणा' म्हणून येतो तेव्हा तो त्याच्या पहिल्या नोकरीवर परत आलेला असतो. त्याला पोल्का कोणी शिकवायची गरज नव्हती, उलट बूम-चिक बूम-चिक हा जो कंट्रीचा हात आहे, बास एक-पाच एक-पाच आणि मध्ये गिटारचा फटका, तो आणि पोल्काचा ऊम-पा हे फार लांबचे नाहीतच. टेक्ससमध्ये तर दोन्ही एकाच लाकडी हॉलमध्ये एकाच रात्री वाजायचे. अॅडॉल्फ हॉफनर नावाचा सॅन अँटोनियोकडचा बँडलीडर होता, चेक-जर्मन घरातला, तो वेस्टर्न स्विंग (कंट्री आणि जॅझ मिसळलेलं नाचाचं संगीत) वाजवायचा आणि मध्येच चेक भाषेत गायचा आणि नाचणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. उलट्या दिशेनेही तेच. यांकोविकचं 1948 चं जे गाणं तुफान चाललं, 'जस्ट बिकॉज', ते मुळात शेल्टन ब्रदर्स या कंट्रीवाल्यांनी गाजवलेलं. क्लीव्हलंडच्या पोल्का राजाच्या मुकुटातला सगळ्यात मोठा खडा कंट्रीच्या खाणीतला निघाला की नाही.

बिल अँडरसनची गोष्ट थोडी वेगळी, तो पोल्काच्या गावचा नाही, जॉर्जियात वाढलेला. पण 1961 पासून ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या जुन्या कंट्री रेडिओ कार्यक्रमाचा सदस्य आणि गाणं लिहिण्यात हातखंडा. हळू, जवळजवळ कुजबुजत गायची त्याची पद्धत, त्यावरून 'व्हिस्परिंग बिल' हे नावच पडलंय. आता ईस्टर्न स्टाइलच्या दणदणीत ब्रासपुढे असा आवाज ठेवायचा म्हणजे अरेंजरची परीक्षा. याला साधा उपाय असतो, गायक गातो तेव्हा ब्रासला गप्प बसवायचं, अकॉर्डियन आणि रीडने हळू भरायचं आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत ट्रम्पेटला सोडायचं. पोल्काच्या मांडणीत या फटी असतातच, त्यामुळे कंट्री गायक बसवणं वाटतं तितकं अवघड नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर अशा अल्बमांवर कंट्री गायक हा सगळ्यात सेफ पाहुणा असतो, आणि म्हणूनच ऐकताना सगळ्यात कमी धक्का देणाराही.

खरी मजा फ्लाको हिमेनेझच्या बाजूला आहे, इथे जरा रमतो, माफ करा.

1840 च्या दशकापासून टेक्ससमध्ये जर्मन लोक येऊन वसले, न्यू ब्रॉन्फेल्स, फ्रेडरिक्सबर्ग वगैरे, मागोमाग चेक आले. सोबत बटणांची अकॉर्डियन आली, आणि पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे नाच आले. दक्षिण टेक्ससच्या मेक्सिकन कुटुंबांनी हे ऐकलं, आवडलं, उचललं. फ्लाकोचे आजोबा पात्रिसियो सीमेवरच्या ईगल पास गावात जर्मन लोकांचं वाजवणं ऐकून शिकले. वडील सांतियागो हिमेनेझ सीनियर न्यू ब्रॉन्फेल्सकडच्या नाचाच्या हॉलवर कान लावून बसायचे आणि पुढे स्वतः रेकॉर्ड काढून नावाजले. आणि त्यांच्या पिढीतला मोठा माणूस नार्सिसो मार्तिनेझ, ज्याला कोन्हुन्तो संगीताचा बाप म्हणतात. कोन्हुन्तो म्हणजे अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो नावाचं बारा तारांचं जाडजूड गिटारसारखं वाद्य, यांची जोडगोळी, नंतर त्यात बास आणि ड्रम आले. मार्तिनेझने काय केलं तर डाव्या हाताची बासची बटणं जवळजवळ सोडूनच दिली, ते काम बाहो सेक्स्तो वाजवणाऱ्या सांतियागो अल्मेइदाकडे दिलं, आणि उजव्या हाताने सुसाट सुटला. आज टेक्स-मेक्स अकॉर्डियन जी ऐकू येते, टपटप, सुटी सुटी, तिची सुरुवात तिथे.

आणि आता या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात लाडका पुरावा. 1930 च्या दशकात ब्लूबर्ड कंपनीने मार्तिनेझचे पोल्का रेकॉर्ड केले, मेक्सिकन गिऱ्हाइकाला त्याच्या नावाने विकले, आणि त्यातलंच काही लुईझियानाच्या केजन लोकांना 'लुईझियाना पीट' या नावाने आणि पोलिश लोकांना 'पोल्स्की क्वार्टेट' या नावाने विकलं. पोल्स्की क्वार्टेट! दक्षिण टेक्ससचे दोन मेक्सिकन वादक, लेबलवर पोलिश चौकडी, आणि पेनसिल्वेनिया-शिकागोकडच्या पोलिश घरांमध्ये ती तबकडी लावून लोक नाचतायत. कोणाला शंका आली नसेल असं नाही, पण रेकॉर्ड विकायच्या लायकीची वाटली याचाच अर्थ कंपनीच्या कानाला फरक जाणवत नव्हता. म्हणजे पोलिश-अमेरिकन पोल्कावाल्यांच्या घरात टेक्स-मेक्स पाहुणा पहिल्यांदा 1997 ला नाही आला, तो साठ वर्षं आधी खोट्या नावाने येऊन गेला होता. 1997 ला फक्त त्याचं खरं नाव कव्हरवर आलं. म्हणून मला या अल्बमला 'क्रॉसओव्हर' म्हणणं म्हणजे लग्नात सख्ख्या चुलतभावाला मुलीकडच्या पाहुण्यांच्या पंगतीत बसवण्यासारखं वाटतं.

फ्लाको स्वतः 1939 चा, सॅन अँटोनियोचा. 1997 पर्यंत तो काही कोपऱ्यातला कलाकार नव्हता. 1976 ला राय कूडरच्या 'चिकन स्किन म्युझिक'वर वाजवलं, 1988 ला ड्वाइट योकम आणि बक ओवन्सच्या 'स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफील्ड'वर ती अकॉर्डियन त्याचीच, मग डग साम, ऑगी मायर्स आणि फ्रेडी फेंडरबरोबर टेक्सस टोर्नॅडोज, 1994 ला रोलिंग स्टोन्सच्या 'व्हूडू लाउंज'वरही. म्हणजे कोणाच्याही घरात जाऊन आपला सूर न सोडता बसायचं कसं यात तो तोपर्यंत पक्का मुरलेला होता. जुलै 2025 मध्ये तो गेला, त्यानंतर त्याचं बरंच काही लोकांनी परत ऐकायला काढलं, पण पोल्काच्या या अल्बमची आठवण फारशी कोणी काढली नाही, हेही बोलकंच आहे.

तांत्रिक बाजूही बघू, कारण 'दोन अकॉर्डियन आहेत, वाजवतील एकत्र' इतकं ते सोपं नसतं. ईस्टर्न पोल्का बँडमध्ये पियानो अकॉर्डियन असते, सगळे सूर हाताशी, कुठल्याही पट्टीत जा. फ्लाकोची ती तीन ओळींची डायटॉनिक बटणपेटी, होनर कंपनीची. तिच्यात एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना वेगळा, आणि तीन ओळी म्हणजे तीन पट्ट्या, त्याबाहेर गेलात की धाप लागते. वर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही बी फ्लॅटची वाद्यं, आल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, म्हणून अशा बँडचं लिखाण एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट या पट्ट्यांकडे झुकतं. ऐकायला वाटतं इथे भांडण होणार. पण कोन्हुन्तोवाल्यांकडे जी पेटी सर्रास दिसते तिच्या तीन ओळी कुठल्या, तर एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट! आणि अजून एक, पोल्काच्या बांधणीत मधला जो ट्रिओचा भाग असतो तो परंपरेने पट्टी चौथ्या सुरावर सरकवतो, म्हणजे एफमधून बी फ्लॅटमध्ये, बी फ्लॅटमधून ई फ्लॅटमध्ये. पेटीच्या ओळीसुद्धा एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर. म्हणजे ट्रिओ आला की वादकाने फक्त शेजारच्या ओळीवर बोटं न्यायची. हा काही चमत्कार नाही, ही पेटी जर्मनीत याच जातीच्या नाचाच्या संगीतासाठी घडली, म्हणून ती त्यात बसते. चुलतभाऊ म्हणालो ते उगाच नाही.

अडचण असते ती वेगाची. 1950 च्या दशकात टोनी दे ला रोसाने कोन्हुन्तोत ड्रम आणून पोल्काची चाल संथ केली, पाय जमिनीला घासत सरकवायचा नाच त्यावर बसला. ईस्टर्न पोल्का मात्र उड्या मारत धावणारा. दोघांच्या मध्ये कोणीतरी माघार घ्यायला लागते, आणि पाहुणा ज्याच्या घरी येतो त्याच्या घड्याळाने चालतो हा नियम. इथे माझी या प्रकारच्या अल्बमबद्दलची मुख्य तक्रार. यजमान बँड तोच राहतो, ड्रमचा हात तोच, अरेंजमेंट त्याच घाटाची, आणि पाहुण्याची अकॉर्डियन वर सजावटीसारखी येते. फ्लाकोच्या संगीताचा अर्धा जीव बाहो सेक्स्तोत आणि त्या सरकत्या ठेक्यात आहे, तो सोबत आलाच नाही तर आला कोण? पेटीचा आवाज आला, घर मागेच राहिलं.

जाता जाता, आपल्याकडच्यांना हा आवाज अनोळखी नाही. अकॉर्डियन, हार्मोनियम, माउथ ऑर्गन सगळी एकाच कुळातली, धातूची पट्टी हवेने थरथरवणारी, आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन किती होती ते पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं वादन ऐकलेल्या कोणालाही सांगायला नको. तो कान घेऊन फ्लाको ऐका, लगेच कळतं की हा माणूस भात्याने वाक्यं तोडतो, गायक श्वास घेतो तशी.

असो. परत मुद्द्यावर. ग्रॅमीच्या कप्प्यांकडे बघा आता. फ्लाको हिमेनेझने सॅन अँटोनियोत बसून पोल्का वाजवला की तो मेक्सिकन-अमेरिकन संगीताच्या कॅटेगरीत जायचा, 1999 पासून तेहानो (टेक्ससमधल्या मेक्सिकन लोकांचं संगीत) नावाचा वेगळा कप्पा झाला तिथे. त्याला ग्रॅमी मिळाल्या, पण पोल्काची एकही स्वतःच्या नावावर नाही. तोच माणूस न्यूयॉर्कच्या बँडबरोबर वाजवतो तेव्हा ते 'पोल्का' ठरतं आणि बक्षीस बँडलीडरला जातं. कप्पे संगीतावरून पाडलेले नव्हते, वाजवणारा कुठल्या वस्तीतला यावरून पाडलेले होते. आणि याचा परिणाम असा झाला की पोल्काच्या कॅटेगरीत मुळातच माणसं कमी राहिली. देशभर ज्या संगीतात पोल्का रोज, जिवंत, तरुण पोरांच्या हातात वाजत होता, म्हणजे टेक्ससचं कोन्हुन्तो आणि त्याचा सीमेपलीकडचा भाऊ, उत्तर मेक्सिकोचं नॉर्तेन्यो, ते सगळं दुसऱ्या रांगेत उभं होतं. या रांगेत उरले युरोपी वंशाच्या वस्त्यांचे बँड, आणि त्या वस्त्या तर पांगत चाललेल्या, पोरं उपनगरांत गेलेली, हॉल बंद पडत चाललेले.

अशा पातळ रांगेत मत देणारे कोण? ग्रॅमी देणाऱ्या अकादमीचे सदस्य, त्यातले बहुतेक पोल्का ऐकणारे नाहीत. मतपत्रिकेवर पाच नावं, चार कधी न ऐकलेली, पाचव्याबरोबर विली नेल्सन. आता मत कोणाला जाणार ते तुम्हीच सांगा. स्टरचे बँड वाईट होते असं अजिबात नाही, त्याच्या बँडची शिस्त ऐकली की मान द्यावाच लागतो, आणि राउंडरच्या आधीही तो सलग जिंकतच होता, म्हणून सगळं श्रेय पाहुण्यांना देणं अन्यायाचं होईल. पण पाहुण्यांनी त्याची आघाडी पक्की केली यात मला शंका नाही. छोट्या बँडवाल्याने एंट्री भरायची कशाला, निकाल माहीतच आहे, असं वातावरण तयार झालं की रांग अजून पातळ होते.

पर्यायी वाट होती का? होती, आणि ती त्याच लेबलच्या ओळखीतली होती. ब्रेव्ह काँबो, टेक्ससमधल्या डेंटन गावचा बँड, कार्ल फिंचने 1979 ला काढलेला, त्यांचेही अल्बम राउंडरने काढले होते. ही मंडळी पाहुणे बोलवत बसली नाहीत, त्यांनी स्वतःच स्लोव्हेनियन, पोलिश, चेक, कोन्हुन्तो, कोलंबियाकडचा कुंबिया सगळं शिकून घेतलं, आणि एकाच कार्यक्रमात रॉकच्या पोरांना आणि सत्तरीच्या जोडप्यांना एकत्र नाचवलं. त्यांना 2000 आणि 2005 ला पोल्काची ग्रॅमी मिळाली. परंपरावाल्यांपैकी काहींना ते थट्टेखोर वाटायचे, मला नाही वाटत, थट्टा करणारा माणूस इतकी मेहनत घेत नाही. फरक एवढाच की स्टरच्या पद्धतीत कंट्री आणि टेक्स-मेक्स बाहेरून येऊन परत जातं, काँबोच्या पद्धतीत ते घरातच राहायला येतं. पण खरं सांगायचं तर कांद्याच्या शेतांतल्या गावच्या, वर्षभर बसमधून फिरणाऱ्या, नाचायला आलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकावर पोट असलेल्या बँडला काँबोसारखं वागून चाललं नसतं. ते गिऱ्हाईक ठरलेल्या वेगाचा, ठरलेल्या घाटाचा पोल्का ऐकायला पैसे मोजतं. स्टरने ते सांभाळलं आणि त्याच्या चौकटीत जेवढं नवं घालता येईल तेवढं घातलं. मला त्याची अडचण कळते.

जून 2009 मध्ये अकादमीने जाहीर केलं की पोल्काची कॅटेगरी बंद, आजच्या संगीताच्या चित्राशी बक्षिसं जुळती ठेवायचीत वगैरे कारण दिलं. पोल्कावाले लोकसंगीत किंवा जागतिक संगीताच्या रांगेत उभे राहू शकतात असं सांगितलं. स्टरने जाहीरपणे वाईट वाटल्याचं बोलून दाखवलं, आणि वाटणारच, 18 वेळा जिथे उभं राहिलात ती जागाच काढून घेतली. दोन वर्षांनी, 2011 ला, अकादमीने कॅटेगऱ्यांची संख्या 109 वरून 78 वर आणली तेव्हा केजन-झायडेको, हवाईयन, नेटिव्ह अमेरिकन यांचेही स्वतंत्र कप्पे गेले आणि 'रीजनल रूट्स' म्हणून एकच मोठा डबा आला, पोल्काचीही सोय त्यातच. तेहानोचा कप्पासुद्धा त्याच फेरबदलात दुसऱ्या मेक्सिकन कप्प्यात विलीन झाला. म्हणजे शेवटी चुलतभाऊ एका ताटात आले नाहीतच, दोन वेगवेगळ्या गर्दीच्या पंगतींत गेले.

मी निर्माता असतो तर 1997 ला काय वेगळं केलं असतं? बिल अँडरसनची गाणी होती तशीच ठेवली असती, तिथे काही बिघडत नाही. पण फ्लाकोला न्यूयॉर्कच्या बँडवर न बसवता बँडमधले दोन ट्रम्पेट आणि एक क्लॅरिनेट घेऊन सॅन अँटोनियोला गेलो असतो, बाहो सेक्स्तो आणि त्यांचाच ड्रमर ठेवून, त्यांच्या संथ वेगावर चार पोल्का रेकॉर्ड केले असते, आणि अल्बम पोल्का आणि मेक्सिकन-अमेरिकन अशा दोन्ही कॅटेगऱ्यांत पाठवायचा हट्ट धरला असता. अकादमीने एक अर्ज परत पाठवला असता बहुतेक. पाठवू दे की, निदान 'हे यातलं का नाही' याचं उत्तर कोणालातरी लिहून द्यावं लागलं असतं.

ऐकायचं असेल तर या क्रमाने ऐका: आधी मार्तिनेझचे 1930 च्या दशकातले पोल्का, मग सांतियागो सीनियर, मग यांकोविक, आणि त्यानंतर 'लिव्हिंग ऑन पोल्का टाइम'. हेडफोन लावा आणि अकॉर्डियनपेक्षा ड्रमकडे लक्ष द्या, कोण कोणाच्या घरी आलंय ते तिथे कळतं.